'कुठे लावायचंय?' असं आधी विचारणारं नट-बोल्टचं दुकान

आधीच सांगून टाकतो, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. एक तर बोर्डावरचं नाव निम्मं उडालंय, आणि दुसरं म्हणजे चाचांना विचारलं की तुमच्याबद्दल चार ओळी टाकू का, तर म्हणाले, "टाक, पण नाव नको टाकू, लोक येतात फोटो काढायला आणि घेत काहीच नाहीत." त्यामुळे पत्ता एवढाच: नाशकात शालिमार आणि सारडा सर्कलच्या मधे, भद्रकालीच्या बाजूला, ज्या गल्लीत स्पेअरपार्टची दुकानं खांद्याला खांदा लावून बसलीयेत तिथे विचारा, "नट-बोल्टवाले चाचा". कोणीही बोट दाखवेल. सोनेरी काठाची पांढरी टोपी, चष्मा कपाळावर ढकललेला, आणि समोर लाकडी खणांची भिंत.

आता हे दुकान मला सापडलं कसं ते जरा लांबण लावून सांगतो, कारण त्याशिवाय दुकानाची किंमत कळणार नाही.

माझी २०११ ची स्प्लेंडर आहे. लॉकडाऊनमधे बसून बसून यूट्यूब बघत शिकलो, तेव्हापासून ऑइल, चेन, ब्रेक शू, केबल एवढं घरीच करतो. सिडकोत राहतो, पवननगरकडे, बिल्डिंगखाली पार्किंगमधे रविवारी सकाळी पेपर अंथरून बसायचं आणि बायकोच्या शिव्या खात दुपारपर्यंत उरकायचं असा कार्यक्रम असतो. त्या रविवारी मागचे ब्रेक शू बदलायचे होते. काम तसं काही अवघड नाही, ब्रेक रॉडचा नट काढा, टॉर्क रॉडचा बोल्ट काढा, एक्सल ओढा, चाक बाहेर. शू बदलले, ड्रम ओल्या फडक्याने पुसला (फुंकर मारू नका रे, ती धूळ छातीत जाते), कॅमला चिमूटभर ग्रीस लावलं, सगळं झकास. चाक परत बसवलं, एक्सल घातला आणि बघतो तर टॉर्क रॉडचा बोल्ट गायब. नट आहे, वायसर आहे, वाकडी झालेली स्प्लिट पिनसुद्धा (नट सुटू नये म्हणून घालतात ती) आहे, फक्त बोल्ट नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ड्रम ब्रेकच्या गाडीत मागच्या चाकाच्या ब्रेक प्लेटपासून पुढे स्विंगआर्मपर्यंत (मागचं चाक धरणारी चौकट) एक पट्टी जाते, तिला आपले मेकॅनिक टॉर्क रॉड म्हणतात. ब्रेक दाबला की शू ड्रमला चिकटतात आणि फिरणारं चाक त्या प्लेटलाही आपल्याबरोबर फिरवायला बघतं. तिला धरून ठेवते ती ही पट्टी, आणि पट्टीला धरून ठेवतो हा करंगळीएवढा बोल्ट. तो नसेल तर पहिल्या जोरदार ब्रेकला प्लेट गरकन फिरणार, ब्रेक रॉड पिळवटणार आणि चाक जागेवर लॉक. म्हणजे साइड पॅनेलचा स्क्रू हरवला तर खडखड वाजेल, हा हरवला तर मुंबई नाक्याच्या सिग्नलला आपण आडवे.

शोधाशोध किती केली विचारू नका. पेपर झटकला, चपला उलट्या केल्या, शेजारच्या काकांची ॲक्टिव्हा हलवली, त्यांनी वरून खिडकीतून विचारलं "काय चाललंय?", म्हणलं बोल्ट शोधतोय, तर तेही खाली येऊन शोधायला लागले, मग वॉचमन, मग दोन पोरं. पार्किंगच्या कडेला पाण्याची जाळी आहे, सगळ्यांचं एकमत की तो तिथेच गेला. मग माझी पोरगी आतून जुन्या स्पीकरचा मॅग्नेट घेऊन आली, त्याला सुतळी बांधून आम्ही जाळीतून खाली सोडला. वर काय आलं? दोन हेअरपिना, एक खिळा आणि एक रुपयाचं नाणं. नाणं मॅग्नेटला चिकटतं हे पोरीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, ती खूश, तिने पुढचा अर्धा तास अजून नाण्यांसाठी गळ टाकला. बोल्ट आजपर्यंत सापडलेला नाही.

रविवार दुपार म्हणजे गॅरेजवाले बंद. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला उघडा होता. त्याला नट दाखवला, म्हणाला "अडीच सूत आहे हा", आणि ड्रॉवरमधून एक बोल्ट, त्याचाच नट, दोन वायसर असं दहा रुपयांत हातात दिलं. घरी येऊन भोकात घातला, बसला. म्हणलं वा, काम झालं. फक्त एक गोष्ट खटकली, माझा जुना नट त्या नव्या बोल्टवर दोन आटे गेला आणि अडकला. मी आपला पाना लावून जोर करणारच होतो, तेवढ्यात सासरे आले.

सासरे ओझरच्या एचएएलमधून (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) रिटायर. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको पण सांगतो, मिग विमानांसाठी १९६४ साली तिथे कारखाना उभा राहिला, पुढे सुखोईसुद्धा तिथेच बनली. माणूस आयुष्यभर विमानाच्या पोटात नट-बोल्ट आवळत आलेला. त्यांनी बोल्ट हातात घेतला, डोकं उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "याच्यावर काहीच लिहिलेलं नाहीये." म्हणलं काय लिहायचं असतं? तर म्हणाले, "आणि आपला बोल्ट हरवला आणि तू गाडी जोडत बसलास? आमच्याकडे एक वायसर कमी भरला ना, तर सापडेपर्यंत सगळे हँगरमधे गुडघ्यावर. विमान जागचं हलायचं नाही." मी म्हणलं बाबा, ही स्प्लेंडर आहे. ते म्हणाले, "पडायला उंची लागत नाही." झालं, गाडी तशीच स्टँडवर.

सोमवारी ऑफिसला सिटीलिंकच्या बसने गेलो, जाताना वाटेत सर्व्हिस सेंटरला चौकशी केली. नाव नाही घेत. काउंटरवरचा मुलगा कॉम्प्युटरमधे बघून म्हणाला, सर सुटा बोल्ट स्टॉकमधे नाही, ऑर्डर टाकावी लागेल, चार-पाच दिवस, आणि त्यापेक्षा तुम्ही गाडी आणा, आम्ही मागचं व्हील पूर्ण चेक करून देतो. अरे पण गाडी आणू कशी, तिचा ब्रेकच बांधलेला नाहीये! तर म्हणाला टोइंग आहे ना सर. एका बोल्टसाठी टोइंग. मी थँक्यू म्हणून निघालो. त्या पोराचा राग नाही आला खरं तर, त्याला स्क्रीनवर जे दिसतं तेच तो बोलणार.

मग ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने, जो मूळचा जुन्या नाशकातला, हे दुकान सांगितलं. मंगळवारी हाफ डे टाकला आणि शालिमारला उतरून चालत गेलो.

दुकान म्हणजे काय, आठ फूट रुंदी असेल. समोरून बघितलं तर वाटेल जुन्या आयुर्वेदिक दुकानाचं लाकडी कपाट आहे, तसेच लहान लहान खण, प्रत्येकावर तारेने बांधलेला एकेक नमुना. म्हणजे लेबल वाचायची गरज नाही, बोल्टच लटकलाय बाहेर. खाली पोत्यांत मोठा माल, फाउंडेशन बोल्ट वगैरे, तो किलोवर जातो. काउंटरवर जुना तराजू, जाडी मोजायचा एक व्हर्नियर, आट्यांमधलं अंतर मोजायचं पिच गेज, आणि एक लोखंडी पट्टी जिच्यात वेगवेगळ्या साइजचे आटे पाडलेत. कोणी बोल्ट आणला की चाचा बघतसुद्धा नाहीत, बोटांनी त्या पट्टीत फिरवतात आणि साइज बोलतात.

माझ्या पुढे तीन गिऱ्हाइकं होती. पहिला अंबडच्या कुठल्या तरी वर्कशॉपचा पोऱ्या, यादी घेऊन आलेला, पाच मिनिटांत गेला. दुसरे एक द्राक्षबागवाले, ओझरकडचे असावेत बोलण्यावरून, फवारणीच्या ब्लोअरच्या पंख्याचा बोल्ट तुटला होता. त्यांना चाचांनी विचारलं, "तुटतो का ढिला होतो?" ते म्हणाले दर सीझनला तुटतो. तर चाचा म्हणाले, "मग बोल्टचा दोष नाही, पंखा बॅलन्समधे नाहीये, आधी तो बघा, नाहीतर मी दर सीझनला विकत राहीन, मला काय." मी तेव्हाच ओळखलं की बरोबर ठिकाणी आलोय.

माझी पाळी आली. मी शहाणपणाने माझा जुना नट आणि हार्डवेअरवाल्याचा बोल्ट दोन्ही काउंटरवर ठेवले आणि म्हणलं, चाचा असा बोल्ट पाहिजे, पण चांगला.

"कुठे लावायचंय?"

म्हणलं, स्प्लेंडरचा टॉर्क रॉड.

यावर त्यांनी चष्मा खाली ओढला. आधी माझा नट त्या पट्टीवरच्या एका आट्यावर फिरवला, म्हणाले "आठ एमएम, सव्वाचा पिच." मग तो दहा रुपयांचा बोल्ट शेजारच्या भोकात घातला. "आणि हा पाच-सोळा, इंचातला." मग समजावलं, आणि इतकं सोप्पं समजावलं की मला इंजिनिअरिंग न केल्याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अडीच सूत म्हणजे पाच-सोळांश इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आठ एमएमच्या इतकं जवळ की भोकात दोन्ही बसतात, डोळ्याला फरक दिसत नाही. पण आटे वेगळे. एम ८ च्या, म्हणजे आठ एमएमच्या बोल्टच्या, दोन आट्यांमधे १.२५ मिलिमीटर अंतर, आणि त्या इंचवाल्यात एका इंचात १८ आटे म्हणजे साधारण १.४१. म्हणून एक-दोन आटे गोडीगुलाबीने जातात आणि मग अडकतं. "तिथे माणूस काय करतो? पाना लावतो. पाना लावला की आटे गेले." मी काहीच बोललो नाही.

म्हणलं बरं, मग आठ एमएमचा द्या. तर खण उघडायचं नाव नाही. बोल्टचं डोकं माझ्यासमोर धरलं, अगदी सासऱ्यांसारखं. कोरं. मग एका खणातून दुसरा काढून दाखवला, त्याच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं. पहिला आकडा म्हणजे तुटायची ताकद, ८ म्हणजे चौरस मिलिमीटरला साधारण ८० किलो, आणि पॉइंटनंतरचा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर तो कायमचा ताणला जायला लागतो. कोऱ्या डोक्याच्या बोल्टचं काहीच माहीत नसतं, त्याला साधा ४.६ च समजायचं, म्हणजे ताकद निम्मी. पत्र्याच्या शेडला, कुंपणाला बिनधास्त लावा. ब्रेकला नाही.

मी म्हणलं मग हा ८.८ चा द्या ना! तरी नाही. म्हणाले, हा फुल थ्रेड आहे, डोक्यापर्यंत आटे. टॉर्क रॉडमधे बोल्टवर कातरल्यासारखा आडवा जोर येतो, तिथे गुळगुळीत दांडा पाहिजे. एम ८ चा दांडा धरला तर पन्नास चौरस मिलिमीटर माल, आट्यांवर धरला तर साडेछत्तीस, म्हणजे पाव भागापेक्षा जास्त ताकद तिथेच गेली, शिवाय आट्यांच्या धारा भोक कुरतडतात, सहा महिन्यांत भोक लंबगोल आणि मग ब्रेक मारला की मागून टकटक. आणि शेवटचा मुद्दा, कंपनीच्या बोल्टला टोकाशी स्प्लिट पिनसाठी आडवं भोक असतं, याला नाहीये.

"मग आता?" मी जरा वैतागूनच विचारलं, कारण हाफ डे संपत चालला होता.

तर त्यांनी हात केला, "तो हिरवा बोर्ड दिसतोय? त्याच्याकडे जा, स्प्लेंडरचा टॉर्क रॉड बोल्ट माग, कंपनीचा. पंधरा-वीस रुपये घेईल. माझ्याकडून नको घेऊ."

आता मला सांगा, कुठला दुकानदार असं करतो? खणात शेकडो बोल्ट पडलेत, गिऱ्हाईक पैसे हातात धरून उभंय, सहज दहा-पंधरा रुपयांचा एखादा टिकवून मोकळा झाला असता आणि मी थँक्यू म्हणून गेलो असतो. गेलो हिरव्या बोर्डाकडे, अठरा रुपये, पाकिटातला, दांडा गुळगुळीत, टोकाला भोक. आणि परत चाचांकडे आलो कारण स्प्लिट पिन त्याच्याकडे नव्हती. ती चाचांनी दिली, दोन रुपये. वर दम दिला की जुनी पिन सरळ करून परत घालायची नाही, एकदा वाकली की तिचं आयुष्य संपलं, आणि सेफ्टी पिन किंवा तार तर अजिबात नाही. (आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने फोनवर मला तारच सुचवली होती, हे मी चाचांना सांगितलं नाही.)

म्हणजे माझ्या पहिल्या भेटीत या दुकानाची कमाई दोन रुपये. आणि वेळ दिला वीस मिनिटं.

तेव्हापासून चार-पाच वेळा जाऊन आलोय, कधी कामाने, कधी नुसता कामाचा बहाणा काढून. एकदा क्लच कव्हरचा एक एम ६ चा बोल्ट हवा होता, डोकं गोल झालेलं. मी रुबाबात म्हणलं, "चाचा दहा नंबरचा बोल्ट द्या." हसले. म्हणाले दहा नंबर पाना आहे, बोल्ट सहाचा आहे. हा घोळ निम्म्या लोकांचा होतो म्हणे. डोक्याचं माप वेगळं, आट्यांचं वेगळं, आणि वर अजून एक गंमत म्हणजे बाजारातला एम ८ चा बोल्ट १३ च्या पान्याने खुलतो पण जपानी घराण्याच्या गाड्यांवरचे बरेच एम ८ बोल्ट १२ ने, म्हणून पान्यावरून साइज सांगायला गेलं की फसगत ठरलेली. लांबीचंही तसंच, षटकोनी डोक्याचा बोल्ट डोक्याच्या खालून मोजायचा, पण सपाट बसणारा काउंटरसंक असेल तर डोक्यासकट. मी इतकी वर्षं सगळे डोक्यासकट मोजत होतो.

त्याच वेळी मी स्टीलचे, म्हणजे स्टेनलेसचे मागितले, चकाचक दिसतात म्हणून, इंजिनला सगळे तेच लावू म्हणलं. परत तोच प्रश्न, कुठे लावायचंय? इंजिन म्हणल्यावर मान हलवली. स्टेनलेस गंजत नाही हे खरं, पण नेहमीचा मिळतो तो ए२-७० असतो, ताकद ८.८ पेक्षा कमी, आणि इंजिनची बॉडी ॲल्युमिनिअमची, दोन वेगळे धातू आणि मधे पावसाचं पाणी म्हणजे ॲल्युमिनिअम खाल्लं जातं, पांढरी भुकटी जमते, दोन वर्षांनी बोल्ट निघत नाही, निघाला तर आटे घेऊन निघतो. लावायचाच तर अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणूनची पेस्ट) लावून लाव, नाहीतर नंबर प्लेटला लाव, आरसा, कॅरियर, तिथे हौस कर. मी नंबर प्लेटला लावले. छान दिसतात.

हे ऐकून मला माझ्या ऑनलाइन खरेदीची आठवण झाली. एक डबा मागवला होता, एम ३ पासून एम ८ पर्यंत साडेतीनशे नग, कप्पे वगैरे मस्त, फोटो बघून तर वाटलं आयुष्यभराची सोय झाली. पहिल्याच एम ६ ला एलन की (षटकोनी चावी) घातली आणि सॉकेट लोण्यासारखं गोल झालं. एम ६ ला काय लागतं, साधारण १० न्यूटन मीटर, म्हणजे लहान पान्याने मनगटाचा जोर, तोही त्याला सोसला नाही. एक बोल्ट चाचांना दाखवला, त्यांनी नुसता नखावर वाजवला आणि परत दिला. काही बोलले नाहीत. डबा छान आहे, पोरीने त्यात मणी ठेवलेत.

अजून एक उदाहरण, भावाच्या कारचं. बंपरच्या खालचं प्लास्टिक कव्हर लोंबत होतं, त्याचे ते काळे दाबून बसवायचे क्लिप असतात ना, ते दोन पडलेले. भावाने चिकटपट्टी मारली होती, नाशकातले खड्डे, दोन दिवस टिकली. असले क्लिप चाचा ठेवतात, पण एका अटीवर, शेजारच्या भोकातला एक शाबूत क्लिप काढून आणायचा. भोक साधारण आठ एमएमचं असतं पण गाडीगाडीत फरक पडतो, दांडा आखूड पडला तर पकडत नाही आणि लांब पडला तर खडखडतो. नगाला पाच रुपये. भाऊ म्हणाला ऑनलाइन शंभरचं पाकीट मिळतं, म्हणलं घे की, दोन लाव आणि अठ्ठ्याण्णव लोणच्याला घाल.

आता नुसतं कौतुक करून थांबलो तर तुम्ही म्हणाल पैसे दिले असतील, म्हणून तक्रारीपण लिहितो, आणि तक्रारी आहेत.

पार्किंग नाही. म्हणजे नाहीच. चारचाकी तर विसरा, दुचाकीसुद्धा लावली की मागून हातगाडीवाला "ओ भाऊ" करतो. मी आता शालिमारपर्यंत बसने जातो आणि चालतो, द्वारका चौकाकडून यायचं धाडस करत नाही, त्या चौकात अडकलो तर माणूस घरून फोन येईपर्यंत तिथेच.

चाचांचा मूड. सकाळी अकरा ते एक कारखान्यांच्या यादीवाल्यांची गर्दी असते, तेव्हा तुम्ही एक स्क्रू घेऊन गेलात तर तुमच्याकडे बघणार नाहीत. उद्धट नाहीत, पण त्या वेळेला तुम्ही अदृश्य. दुपारी तीननंतर जा, चहा झालेला असतो, दुकान मोकळं असतं, मग तेच चाचा पिच गेज तुमच्या हातात देऊन स्वतः मोजायला लावतात.

मोबाइलवरचा फोटो दाखवायचा नाही. एकाने माझ्यासमोर व्हॉट्सॲपवरचा बोल्टचा फोटो झूम करून दाखवला, चाचा म्हणाले "मोठा करून दाखवतोस तर मोठाच देईन." फोटोवरून साइज कळत नाही हे बरोबर आहे, पण बिचारा इगतपुरीहून आला होता, जरा गोड बोलायला काय जात होतं. शेवटी दिलं म्हणा त्याला, तीन साइज दिले, जो बसेल तो ठेव, बाकीचे पुढच्या फेरीला परत कर म्हणून. पैसे एकाचेच घेतले.

पक्कं बिल मागितलं तर मिळतं पण तोंड पाडून, एरवी चिठ्ठीवर आकडा. आणि नायलॉक नटच्या (आत नायलॉनची कडी असलेला, ढिला न पडणारा नट) बाबतीत मला त्यांचं पटत नाही. ते म्हणतात एकदा काढला की फेक, नवा लाव. मी आपला हाताने फिरवून बघतो, आतलं नायलॉन अजून पकडत असेल, बोटांनी सहज फिरत नसेल, तर बिनमहत्त्वाच्या जागी परत वापरतो. त्यांच्या मते हा कंजूषपणा, माझ्या मते तीन रुपये. सायलेन्सरजवळ मात्र नायलॉक लावू नका, ते नायलॉन साधारण १२० डिग्रीच्या पुढे ढिलं पडतं, हे त्यांनीच सांगितलं आणि हे पटलं.

किमतीचं म्हणाल तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरपेक्षा एखाद-दोन रुपयांनी महाग पडतं सुट्या नगाला. पण तिथे दहा रुपयांत जे मिळालं ते अजून माझ्या ड्रॉवरमधे पडलंय, आणि इथे वीस रुपयांत गाडी उभी राहिली. दोन्ही दुकानं मिळून. त्या बुधवारी संध्याकाळी बोल्ट घातला, नट आवळला, पिन घालून तिचा एक पाय वर एक खाली वाकवला, सासऱ्यांनी टॉर्च मारून तपासलं, हाताने रॉड हलवून बघितला आणि काही न बोलता वर गेले. हे त्यांच्याकडून सर्टिफिकेट.

एक फायदा असाही झाला की काम करताना आता मी सगळं स्टीलच्या वाटीत टाकतो, वाटीखाली तो स्पीकरचा मॅग्नेट. वाटी लाथाडली तरी बोल्ट हलत नाहीत. फक्त चहाची स्टेनलेसची वाटी घेऊ नका, बायकोला कळतं.

जाणार असाल तर: रविवारी बंद. बाकी दिवस साडेदहाला उघडतं, रात्री आठपर्यंत. हरवलेल्या बोल्टचा जोडीदार घेऊन जा, नट असेल तर नट, दुसऱ्या बाजूचा तसाच बोल्ट असेल तर तो, काहीच नसेल तर ज्या भोकात जातो तो पार्टच काढून न्या, एकजण स्कूटरचं अख्खं कव्हर काखेत मारून आलेला मी बघितलाय. आणि कुठे लावायचंय ते खरं सांगा. यूपीआय चालतं, कोड लावलेला आहे, पण खिशात सुटे ठेवा, दोन रुपयांच्या पिनेसाठी फोन काढला की चाचा म्हणतात, "राहू दे, पुढच्या वेळी दे," आणि मग पुढच्या वेळी बरोबर आठवण करून देतात.